ना हरकत

रुवीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमच्या तीन टेबलांना इस्त्रीची वाफ लागते.
खाली दिशदाशा कडक होतात,
वर आम्ही किराणा दुकानांची बिलं छापणारा प्रोग्रॅम लिहितो
आणि उघडा ठेवतो :
घ्या, वाचा, मोडा, शेजाऱ्यालाही द्या.
पैसे दुरुस्तीचे, शिकवण्याचे,
रात्री दोनला फोन उचलण्याचे.
कुलपाचे नाहीत.

भागीदार सालिम अल-हब्सींना हे
पहिल्या वर्षी विनोद वाटलं, दुसऱ्या वर्षी आजार.
तिसऱ्या वर्षी खजूर पुढे करत ते म्हणाले,
"हेमांगी, विहिरीला दारच नाही, तर पाणी विकायचं कसं?"
मी ऐटीत म्हटलं, तुमच्या गावच्या फलजचं पाणी कोण विकतं?
"विकतात की. पाळीचा लिलाव होतो."
मला माहीत नव्हतं.
"पण चर उपसायला," बी थुंकत ते म्हणाले, "सगळे येतात."

अन्वर मुकादम मुलाखतीला आला, मूळचा बाणकोटचा.
फाइलमध्ये सात सर्टिफिकेटं, प्रत्येकाला प्लॅस्टिक.
मी ती उघडलीच नाहीत.
त्याला खाली कुंजालीच्या दुकानात नेलं.
पावतीवर अरबी अक्षरं सुटी सुटी, उलटी येत होती,
'हलीब' मागावं तर 'बीलह',
दुधाचं असं काहीतरी नासलेलं.
हे नीट कर. सगळं समोर आहे. अडलं तर कुणालाही विचार.
अर्धा तास तो नुसता वाचत बसला.
मग चार ओळी बदलल्या आणि दूध सरळ झालं.
"खाली नाव कुणाचं टाकू?
कंपनीचं का तुमचं?"
तुझं.
त्यानं एक अक्षर टाइप केलं आणि थांबला,
मागून कुणी ओरडतंय का बघत.

आधीच्या मालकानं त्याचा पासपोर्ट
पाच वर्षं तिजोरीत ठेवला होता. सुरक्षित राहतो म्हणून.
आमच्याकडे पहिल्या दिवशी त्यानं तो आपणहून टेबलावर ठेवला.
मी परत सरकवला. त्यानं पुन्हा ठेवला.
शेवटी सालिम म्हणाले, खिशात घाल बाबा, इथे चहा सांडतो.

तीन वर्षांनी म्हणाला, सोहारला जायचंय.
स्वतःचं टेबल टाकतोय.
ना हरकत दाखला हवा.
एक ओळ, एक शिक्का.
नाही मिळाला तर दोन वर्षं या देशात परत येणं नाही.

आणि मी, जी अनोळखी माणसांना
अख्खा सोर्स कोड देऊन टाकते,
हरकत नाही, हरकत नाही म्हणत,
त्या एका ओळीपाशी अडले.
कारणं होती.
अल-खूदचं सुपरमार्केट फक्त त्याच्याशीच बोलायचं.
रमजान तोंडावर.
नवी पोरगी अजून कच्ची.
उद्या बघू म्हटलं, शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला,
ड्रॉवरला कुलूप घातलं.
कधी घालत नाही.

सकाळी तो माझ्याआधी आलेला.
मागायला नाही.
आपण लिहिलेल्या एकेका भागाखाली
त्या पोरीसाठी टिपणं लिहीत होता :
इथे बैसाला तीन घरं, दोन नव्हेत. मी चुकलो होतो.
हा भाग घाईत केलाय, पटला नाही तर खुशाल पुसून टाक.

किल्ली सापडायला वेळ लागला.
शिक्का जरा तिरका उमटला.

सुपरमार्केट गेलं. त्याच्याकडेच गेलं, हेही सांगायला हवं.
त्या उन्हाळ्यात आम्ही एसी बदलू शकलो नाही
आणि मी दोनदा हिशेब मांडून
दोनदा त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

कधीतरी शुक्रवारी सोहारहून एखादी दुरुस्ती येते.
कुणी मागितलेली नसते.
खाली नाव, पूर्ण, गावासकट.
परवाची मी सालिमना दाखवली.
चष्मा वर करून त्यांनी वाचल्यासारखं केलं, विचारलं,
"सुपरमार्केट परत येतंय का?"
नाही.
"बरं," म्हणाले,
आणि खजुराची बशी माझ्याकडे सरकवली.